ज्या ताऱ्यावर आम्ही विसंबलो

माझं काम काय आहे हे सांगितलं की समोरच्याला आधी हसू येतं. मी गाड्या गोठवते. जर्मनीत झिंडेलफिंगेनला आमच्या कंपनीत मंगल कार्यालयाच्या हॉलएवढी एक खोली आहे. तिचं तापमान उणे चाळीसपर्यंत खाली नेता येतं. नवीन गाडी तिथे बारा तास ठेवायची आणि मग बघायचं, ती सुरू होते का, दार उघडतं का, कुठलं प्लास्टिक तडकलं, कुठलं रबर दगड झालं. पुण्यात इंजिनिअरिंग करताना कोणी सांगितलं असतं की तुझं पोट थंडीवर चालणार आहे, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

या कामामुळेच मी ताऱ्यांच्या नादाला लागले.

गावाबाहेरच्या टेकडीवर हौशी मंडळींची एक छोटी वेधशाळा आहे. ती चालवणारी संस्था, म्हणजे इथल्या भाषेत फेराइन, वर्षातून एकदा सगळ्यांसाठी दार उघडते. लेकीला घेऊन मी तिथे गेले होते. फेराइनच्या प्रमुख म्हणजे पंचाहत्तरी ओलांडलेल्या, भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका. ताठ पाठ, आखूड पांढरे केस, आणि बोलताना समोरच्याच्या चेहऱ्यावर रोखलेली नजर. पहिल्याच भेटीत मला आमच्या शाळेतल्या बाई आठवल्या, आणि तेव्हापासून मनातल्या मनात मी त्यांना बाईच म्हणते. गप्पांमध्ये मी माझ्या कामाचं सांगितलं, तर त्यांनी माझं मनगटच धरलं.

"उणे चाळीस? खरंच?" त्या म्हणाल्या. "मग तुम्ही आत या. तुमच्याशी काम आहे."

त्यांना एक छोटी दुर्बीण अंटार्क्टिकाला पाठवायची होती. भिंग जेमतेम दहा सेंटिमीटरचं. काही ताऱ्यांचा उजेड कमीजास्त होत असतो. काही स्वतःच फुगतात आणि आकसतात, तर काही मुळात दोन असतात आणि एकमेकांभोवती फिरताना एक दुसऱ्याला झाकतो. मराठीत त्यांना रूपविकारी तारे म्हणतात, हे मला नंतर कळलं. असे तारे शोधायचे तर एकाच ताऱ्याकडे सलग बघत राहावं लागतं. इथे सकाळ होते आणि मोजणी तुटते. तिथे ऐन हिवाळ्यात काही आठवडे सूर्य उगवतच नाही. दक्षिण ध्रुवाच्या डोक्यावरचा आकाशाचा तुकडा मावळतही नाही. तिथल्या एका संशोधन तळावर हिवाळाभर राहणाऱ्या एका तंत्रज्ञाने दुर्बिणीकडे लक्ष द्यायचं कबूल केलं होतं. प्रश्न होता तो फक्त थंडीचा.

"दुर्बीण आमच्या बागेत गेल्या जानेवारीत छान चालली," बाई अभिमानाने म्हणाल्या.

साहेबांची परवानगी काढून एका शुक्रवारी दुपारी आम्ही ती दुर्बीण आमच्या थंड खोलीत ठेवली. काचेच्या खिडकीतून बाई बघत होत्या. अर्ध्या तासात भिंग पुढे-मागे करणारी मोटर किंचाळली आणि थांबली. आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. मी जाड हातमोजे घालून आत गेले आणि कॅमेऱ्याची केबल जरा बाजूला करायला हात लावला, तर ती भाजलेल्या पापडासारखी मोडली. मी दोन तुकडे हातात घेऊन बाहेर आले. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. अंटार्क्टिकाचं जहाज सुटायला पाच महिने राहिले होते.

त्या पाच महिन्यांत आम्ही ती दुर्बीण जवळजवळ नव्याने बांधली. ग्रीस धुऊन काढलं आणि कोरडी वंगणाची पूड वापरली. सिलिकॉनच्या केबली घातल्या. भिंगाभोवती एक बारीक तापणारं कडं बसवलं. ते फार तापलं तर वरची हवा थरथरते आणि तारा नाचायला लागतो, कमी तापलं तर भिंगावर हिमाची साय धरते. त्या दोन्हींच्या मधली जागा सापडेपर्यंत माझे कितीतरी शनिवार गेले. नवरा वाल्डॉर्फला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, आठवडाभर तिकडेच राहतो आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी येतो. तो म्हणायचा, "मी आलो की तू निघतेस." त्याचं काही चुकत नव्हतं. पण मला त्या कामाने पार धरून ठेवलं होतं.

एप्रिलच्या शेवटी तिथून पहिले आकडे आले. उपग्रहाची लाइन इतकी बारीक की फोटो पाठवणं शक्यच नव्हतं. म्हणून मी तळावरच्या कॉम्प्युटरसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. प्रत्येक फोटोतल्या ताऱ्यांचा उजेड मोजायचा, एका ठरलेल्या ताऱ्याच्या उजेडाने त्याला भागायचं आणि तेवढेच आकडे पाठवायचे. असं भागल्याने धुकं, हिम, हवेतला फरक, सगळ्यांचा परिणाम आपोआप निघून जातो, कारण तो सगळ्यांवर सारखाच झालेला असतो. तो ठरलेला तारा बाईंनी जुन्या यादीतून निवडला होता. यादीत त्याच्यापुढे 'स्थिर' असं लिहिलेलं होतं. त्या तुकड्यात ठळक तारे दोनच, एक हा आणि एक दुसरा. बाकीचे पन्नासेक इतके मंद की त्यांचे आलेख मोहरी सांडल्यासारखे दिसायचे.

तळावरचा तंत्रज्ञ दर आठवड्याला चार ओळी लिहायचा. रोज एकदा दुर्बिणीपाशी जातो, मऊ ब्रशने भिंगावरचं हिम झटकतो, तेव्हा श्वास रोखून धरतो. एकदा चुकून श्वास सुटला तर भिंगावर बर्फाचं फूल उमटलं, ते काढायला तासभर गेला. ही पत्रं वाचताना मला आपण बसल्या जागी केवढं सोपं काम करतोय, असं वाटायचं.

जूनमध्ये सासरे आले. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. साताऱ्याला ते एकटेच राहत. तीन महिन्यांच्या व्हिसावर यायला त्यांनी मोठ्या मिनतवारीने होकार दिला होता. ते वीज मंडळात मीटर तपासायच्या विभागात तीस वर्षं होते. अतिशय कमी बोलणारा माणूस. लग्नाला बारा वर्षं झाली, तरी आमचं बोलणं "बाबा, चहा ठेवू का?" आणि "ठेव" याच्या पलीकडे फारसं गेलं नव्हतं. मी जर्मनीत नोकरी घेतली, माझ्यामागून नवरा इकडे आला, तेव्हाही ते काही बोलले नव्हते. त्या गप्प राहण्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावून टाकला होता.

इथल्या उन्हाळ्याने ते चक्रावून गेले. रात्रीचे दहा वाजत आले तरी बाहेर लख्ख उजेड. "जेवायचं तरी कधी माणसानं?" म्हणायचे. दिवसा मी ऑफिसला, नात शाळेत. नात मराठी समजायची पण उत्तर जर्मनमध्ये द्यायची, म्हणून तिच्याशीही बोलणं हातवाऱ्यांवरच. मी आलेख छापून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायची, रोजचा एक कागद. ते तिथेच बसून चहा घ्यायचे. कागद बघतात हे मला माहीत होतं. दुसरं बघण्यासारखं होतं तरी काय.

जुलैच्या सुरुवातीला मला ती उडी दिसली. तो दुसरा ठळक तारा चार तास थोडा तेजस्वी झाला आणि पुन्हा होता तसा. मला वाटलं, कड्याचा काहीतरी घोळ असेल. पण तीन दिवस आणि पाच तासांनी तसंच झालं. पुन्हा तितक्याच वेळाने तसंच. मी मागचे कागद काढले, तर तिथेही होतंच. मला दिसलं नव्हतं एवढंच. मी लगेच बाईंना फोन लावला.

बाई तासाभरात वेधशाळेत हजर. आलेख त्यांनी टेबलावर ओळीने मांडले आणि एकेका उडीवर पेन्सिलने खूण केली.

"घड्याळ लावल्यासारखा वर उडी मारणारा तारा," शेवटी त्या म्हणाल्या. "मी असा पाहिलेला नाही." मग त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "मंद ताऱ्यांशी ताडून पाहिलंस?"

"जा, जा," मी म्हटलं. जर्मनमध्ये जा म्हणजे हो.

मी पाहिलं होतं, हे खोटं नव्हतं. एका दिवसाचे आकडे मंद ताऱ्यांशी ताडले होते, सगळं सपाट दिसलं होतं. पण त्या दिवशी उडी नव्हतीच. हे मला तेव्हा सुचलं नाही की सुचूनही मी ते झटकलं, हे आज मला सांगता येत नाही.

बाईंच्या ओळखीची एक वार्ताहर होती. गावच्या वर्तमानपत्रात आमचा फोटो आला. घुमटासमोर बाई आणि मी, खाली बातमी की इथल्या हौशी मंडळींनी ध्रुवावरच्या अंधारात एक नवीन तारा पकडला. कॅन्टीनमध्ये लोक येऊन हात मिळवून गेले. नवऱ्याने बातमी घरच्या ग्रुपवर टाकली, तिथे दिवसभर फुलं आणि टाळ्या. बाबांना मी पेपर दिला. त्यांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ बघितला, पेपर नीट घडी घालून ठेवला आणि म्हणाले, "छान." एवढंच. मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, मी पोहे केले होते. नवरा लेकीला घेऊन पोहायला गेला होता. घरात बाबा आणि मी दोघंच. बाबांपुढे बशी ठेवून मी नवीन कागद बघत बसले. त्यांनी दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला.

"एक विचारू?" ते म्हणाले.

बाबांनी मला आजवर असं कधी विचारलं नव्हतं. "विचारा ना," मी म्हटलं.

"तू हे सगळे तारे एकाशी ताडून बघतेस. आम्ही जसे घरोघरचे मीटर मास्टर मीटरशी ताडायचो तसं. बरोबर?"

"हो बाबा, तसंच."

"मग तुमचा मास्टर कोणी तपासला?"

मी सवयीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तो यादीत आहे, स्थिर आहे, असं म्हणणार होते. आणि तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. मास्टर जर थोडा मंद झाला, तर त्याने भागलेलं सगळंच थोडं तेजस्वी दिसणार. दुसरा तारा वर उडी मारत नसेल. पहिला खाली जात असेल. आठवीतल्या मुलाला कळावं एवढं सोपं होतं ते. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलेलं मला बाबांनी उठून गॅस बंद केला तेव्हा कळलं.

मी लॅपटॉप ओढला. पन्नास मंद तारे एकेकटे बघितले तर मोहरीच, पण सगळ्यांची सरासरी काढली तर रेघ दिसायला हवी. दहा मिनिटांचं काम. जुलैपासून आजवर कधीही करता आलं असतं असं दहा मिनिटांचं काम. रेघ आली. त्याच वेळेला, त्याच उंचीची उडी. पन्नासच्या पन्नास तारे एकदम वर जात होते आणि चार तासांनी एकदम खाली येत होते.

मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

बाबा आतल्या खोलीत गेले आणि एक शाळेची वही घेऊन आले. नातीची होती, अर्धी कोरी. त्यांनी ती माझ्यासमोर उघडून ठेवली. त्यांच्या बारीक, उभ्या अक्षरात रकाने आखलेले. माझ्या कागदांवरून टिपलेली प्रत्येक उडीची सुरुवात, शेवट, दोन उड्यांमधलं अंतर. खाली सरासरी. शेवटच्या रकान्यात मंद ताऱ्यांपैकी चार-पाच निवडून त्यांच्यापुढे बाण काढलेले होते, सगळे वरच्या दिशेने. पहिली नोंद जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली होती. उडी माझ्या आधी त्यांना दिसली होती.

"तुम्हाला हे कधी कळलं?" मी विचारलं.

"शंका आधीपासून होती. पक्कं म्हणशील तर पेपरात येण्याच्या आधी तीन-चार दिवस."

"आधी?" माझा आवाज माझ्याही नकळत चढला. "मग बोलला का नाहीत? बाबा, माझा फोटो आला पेपरात! बाई वयाच्या पंचाहत्तरीत लोकांना सांगत फिरतायत! एक शब्द बोलायचा होतात!"

लग्नानंतर मी त्यांच्यावर पहिल्यांदाच ओरडत होते. ते उभेच राहिले.

"मला वाटलं, तुम्ही शिकलेली माणसं," ते म्हणाले, "तपासलंच असेल. मी काय, मीटर बघणारा. आणि मग पेपरात आलं. तू एवढी खुश होतीस. माझ्या तोंडून कसं काढू?"

ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. पोहे गार झाले. मला स्वतःची लाज वाटत होती आणि त्यांचा रागही येत होता, आणि त्या दोन्हींच्या खाली आणखी काहीतरी होतं. बारा वर्षं मी या माणसाच्या गप्प राहण्याचा अर्थ नापसंती असा लावला होता. तो संकोच होता. मी कोणीतरी मोठी आहे आणि आपण मध्ये बोलू नये, असं त्यांना वाटत होतं. हे कळल्यावर मला जो धक्का बसला, तो ताऱ्याच्या धक्क्याहून मोठा होता.

थोड्या वेळाने मी दुसरा चहा घेऊन बाल्कनीत गेले. "बाबा, माफ करा," मी म्हटलं.

"तुझं बरोबर होतं," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "बोलायला हवं होतं मी."

नवरा म्हणाला, "लगेच सांगायची काय घाई आहे? आधी खात्री कर." मी तळावरच्या तंत्रज्ञाला लिहिलं, की भागाकार न केलेले, मूळचे आकडे हवेत, अमुक दोन दिवसांचे. पण उत्तराची वाट बघत गप्प बसायला मन तयार होईना. मंगळवारी ऑफिसातून थेट बाईंकडे गेले.

बाबांचा प्रश्न, त्यांची वही, सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सरासरीची रेघ बघितली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी तुला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तू हो म्हणालीस."

"हो," मी म्हटलं.

"गेनाऊ," त्या म्हणाल्या. नेमकं तेच, अशा अर्थाने. आवाज चढला नाही, की चेहरा बदलला नाही. त्यांनी उठून माझ्यासाठी दार उघडलं. मी गाडीत बसले, पण किल्ली फिरवायला हात उठेना. वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखी मी तिथे किती वेळ बसून होते कोण जाणे.

तीन दिवस त्यांचा ना फोन, ना मेल. आणि शनिवारी दुपारी आमच्या दाराची बेल वाजली. या देशात आगाऊ वेळ ठरवल्याशिवाय कोणी कोणाकडे जात नाही. शेजारीण साखर मागायलासुद्धा आधी मेसेज करते. दारात बाई उभ्या होत्या, हातात प्लमचा केक.

"तुझे सासरे आहेत का घरी?" त्यांनी विचारलं. "मला त्यांना भेटायचंय."

बाबा बनियनवर होते, धावत शर्ट घालून आले. दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसले आणि मी मध्ये, भाषा पोचवायला. बाईंनी वही मागितली. पान न पान बघितलं. आकडे तर कोणत्याही भाषेत तेच.

"विचार त्यांना," त्या मला म्हणाल्या, "त्यांच्या खात्यात मास्टर मीटर कसा तपासत?"

मी विचारलं. बाबांनी खुर्ची पुढे घेतली. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. एकच मास्टर कधी ठेवायचा नाही, तीन ठेवायचे. त्यांना आपापसात ताडत राहायचं. तिघांतला एक वेगळं बोलायला लागला, की त्याला बाजूला काढायचं. शिवाय दरवर्षी मास्टर मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा, तिथल्या मास्टरशी ताडायला.

"आणि त्या मोठ्या प्रयोगशाळेतला?" बाईंनी विचारलं.

"तो आणखी वरच्या," बाबा म्हणाले.

"आणि तिथला?"

बाबांनी हात वर करून छताकडे बोट दाखवलं. त्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही. बाई हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग गंभीर झाल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"तू हो म्हणालीस ते चूकच होतं. पण तो तारा मी निवडला. यादीत होता म्हणून निवडला. चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आले की पुस्तकात आहे म्हणून मानू नका." मग त्या म्हणाल्या, "आल्झो, चला तर, केक कापूया."

पुढच्या आठवड्यात तळावरून मूळचे आकडे आले. त्यात शंकेला जागाच नव्हती. दुसरा तारा, ज्याचं पेपरात आलं होतं, काचेसारखा सपाट. आणि आमचा मास्टर, ज्याच्या भरवशावर आम्ही सगळं आकाश मोजत होतो, तो दर तीन दिवस पाच तासांनी चार तासांसाठी मंद होत होता. तो एक तारा नव्हताच. दोन होते. बाईंनी सगळ्या याद्या धुंडाळल्या. असं कोणी कुठे नोंदवलेलं नव्हतं. म्हणजे शोध लागला होता, फक्त आम्ही ज्याच्याकडे बघत होतो त्याचा नाही. तो आलेख बघून बाई आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. आनंद व्हायला हवा होता, पण आम्ही दोघी अजून हबकलेल्याच होतो.

वार्ताहराला फोन मी केला. "मग आधीची बातमी चुकीची होती?" तिने विचारलं. मी हो म्हटलं, या वेळी पूर्ण तपासून. आतल्या पानावर एक छोटी चौकट आली, फोटो नाही. कॅन्टीनमध्ये त्यावर कोणी काही बोललं नाही. ग्रुपवर एका मामेसासऱ्यांनी विचारलं, "म्हणजे तारा सापडला की नाही?" नवऱ्याने लिहिलं, "सापडला, पण शेजारचा."

ऑगस्टच्या शेवटी बाबा परत गेले. बाई विमानतळावर आल्या नाहीत, पण आदल्या दिवशी येऊन त्यांनी बाबांना स्वतःची जुनी स्लाइड रूल दिली, गणित करायची सरकपट्टी. बाबा ती विमानात हातातच धरून बसले होते, असं ते नंतर म्हणाले.

बाईंनी नोंदणीचा अर्ज लगेच केला नाही. आणखी एक हिवाळा बघायचा, असं ठरलं. या वेळी आम्ही तीन मास्टर धरले: तो दुसरा ठळक तारा आणि मंद ताऱ्यांच्या दोन गटांच्या सरासऱ्या. तळावर नवा तंत्रज्ञ होता, त्यालाही श्वास रोखायला शिकवावं लागलं. मंद होण्याच्या वेळा आम्ही आगाऊ काढून ठेवल्या होत्या. एकही चुकली नाही. मग अर्ज गेला. शोधणाऱ्यांच्या रकान्यात बाईंनी नावं घातली: पहिल्या वर्षीचा तंत्रज्ञ, त्या स्वतः, मी आणि बाबा. बाबांचं नाव मी सुचवलेलं नव्हतं. बाईंनी मला फक्त स्पेलिंग विचारलं.

रूपविकारी ताऱ्यांच्या जागतिक यादीत नोंद आली, त्या दिवशी दुपारी मी साताऱ्याला फोन केला. काय झालं ते सांगितलं. तुमचं नाव त्यात आहे, हेही सांगितलं.

"माझं?" बाबा म्हणाले. "माझं कशाला?"

"तुम्ही शोधलात म्हणून," मी म्हटलं.

मग फोन बंद झाला. मी पुन्हा लावला, नुसतीच रिंग. आणखी दोनदा लावला. एकटा माणूस, पंचाहत्तरीला टेकलेला. मी त्यांच्या शेजारच्या वहिनींना फोन केला आणि जरा बघून या म्हटलं. त्या फोन हातात घेऊनच बाहेर गेल्या. मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता.

"अगं, काका जिन्यात बसलेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बरे आहेत. फोन हातातच आहे. रडतायत गं. काय झालं?"

"काही नाही वहिनी," मी म्हटलं. "चांगलंच झालंय. थोडा वेळ तिथेच बसू द्या त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच फोन केला. आवाज नेहमीसारखा, कोरडा.

"काल नेटवर्क गेलं होतं," ते म्हणाले.